शीलाबाईंनी शिकवलेली सही

सकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. माझी नात आरोही मोबाईल घेऊन अंगणात आली. म्हणाली, "आबाजी, आपल्या शीलाबाई गेल्या." मी सोलतच राहिलो. ऐकू आलं नाही असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं. ऐकू तर पहिल्यांदाच आलं होतं... महिना झाला त्याला. आता मी बोलतो आहे आणि आरोही लिहिते आहे. माझी बोली ती शुद्ध करते, करू दे. पण मी जे केलं ते शुद्ध करायचं नाही, असं तिला बजावलं आहे.

शीलाबाई आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण होत्या. दारव्ह्याहून जीपनं यायच्या. मी चार दिवस शाळेत गेलेला माणूस, तरी गावानं शाळा समितीचा अध्यक्ष केला. पहिल्याच सभेत मी अंगठ्यासाठी शाई मागितली. बाई हळूच म्हणाल्या, "आबाजी, शाळेच्या अध्यक्षाचा अंगठा बरा दिसते काय?" मी भडकलो. "आता या वयात बाईमाणसापाशी शिकू काय?" त्यांनी मुकाट शाई पुढं सरकवली. चार दिवसांनी मीच गेलो. पोरांची खिचडी झाली की वर्गाचं दार लोटायचं, दुसरीतल्या आरोहीला राखणीला उभं करायचं आणि मी पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचं. बाईंनी वहीच्या पहिल्या ओळीत माझं नाव लिहून दिलं, त्याखाली मी गिरवायचो. आरोही फटीतून डोकावून ओरडायची, "बाई, आबाजीचा र उलटा आला!" बाई म्हणायच्या, "तू राखण कर. अध्यक्षसाहेबाचा र हाय तो, आपल्या मर्जीनं वळते."

त्या उन्हाळ्यात महागावला लग्न होतं. व्याह्याच्या नातवानं मांडवात इंग्रजी कविता म्हटली. आमच्या आरोहीनं बाराचा पाढा न अडखळता म्हटला. व्याही हसले, "झेडपीची हाय काय? चालते, चालते." मला झोंबलं. घरी येताच सांगितलं, पोरगी जूनपासून कॉन्व्हेंटात जाईल. सून म्हणाली, "बाबाजी, थे तिथं खुशीनं शिकून राह्यली, काहून काढता?" मी म्हटलं, "अध्यक्ष कोण हाय, तू का मी?"

शाळा सोडल्याचा दाखला काढायला अर्ज द्यायचा होता. आरोहीच्या बापाला बाजूला सारून सही मीच करणार म्हटलं. आदल्या दिवशी वहीचं अख्खं पान गिरवून काढलं, बाईंसमोर चुकायचं नव्हतं. कोणाची मदत न घेता केलेली ती माझी पहिली सही. बाईंनी कागद बराच वेळ पाहिला. त्या भांडतील म्हणून मी उत्तरं जुळवूनच गेलो होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "आबाजी, र सरळ आला..." आणि दाखला लिहायला बसल्या.

मग गाव म्हणू लागलं, "अध्यक्षाचीच नात गेली, आपली पोरं कायले ठेवायची?" कॉन्व्हेंटाची पिवळी गाडी गावात येऊ लागली. दोन वर्षांत पट इतका घसरला की बाईंची बदली ढाणकीकडं झाली आणि शाळेला कुलूप लागलं. अन् ज्या पोरीसाठी हे केलं, ती कॉन्व्हेंटात वर्षभर तोंड उघडत नव्हती. मी लोकांना सांगायचो, शिस्त लागली. खरं तर तिला काही समजत नव्हतं. मला ते समजत होतं.

मागल्या साली दारव्ह्याच्या बाजारात बाई दिसल्या. फार वाळल्या होत्या. भाजीच्या गर्दीतून त्यांनीच हाक मारली, "आबाजी! सही इसरले त नाही ना?" मी जीपमध्ये चढलो आणि ड्रायव्हरला विचारलं, "कधी सोडतं रे?" एवढ्या मोठ्या बाजारात मला तेवढंच बोलता आलं. बाई हात वर करून उभ्या होत्या. जीप सुटायला आणखी अर्धा तास होता... मी पूर्ण वेळ दुसरीकडं पाहत बसलो.

लिहून झालं. आरोही म्हणते, खाली नाव तुम्हीच लिहा. कोनाड्यातून वही काढली. पहिल्या ओळीतलं बाईंचं अक्षर अजून तसंच आहे. ते पाहून पाहून लिहिलं. र सरळ आला. आरोहीनं पाहिलं आणि वही मिटून परत कोनाड्यात ठेवली.

मारोती