हिरवं उपकेंद्र

नवीन टॅब आला, नवीन ॲप आलं, की कमलसिस्टर एकच प्रश्न विचारायच्या, "यानं बीपी मोजता येतं काय?" समोरचा साहेब गोंधळून नाही म्हणायचा. "मंग ठेवा कपाटात," म्हणून त्या पुन्हा बाईच्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागायच्या.

त्या मुरब्याच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. बोईसरजवळच्या आमच्या उपकेंद्रात सतरा वर्षं आरोग्यसेविका होत्या. मी संगणकावर नोंदी भरणारा कंत्राटी माणूस. त्यांच्या भाषेत, "बोटं चालवणारा".

त्या वर्षी वरून आदेश आला की पुढच्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी ॲपमधूनच निघेल. पावसाळा संपता संपता मनोरकडच्या पाड्यावरून बांधकामावर आलेली सुनीता तपासायला आली. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. सिस्टरांनी दोनदा बीपी घेतलं आणि मला म्हणाल्या, "लवकर चिठ्ठी काढ."

मी नाव टाकलं. ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर. नवरा तारापूरच्या कारखान्यात, आणि तिथे फोन गेटवरच जमा होतात.

"सिस्टर, ओटीपीशिवाय पुढचं पान उघडत नाही," मी म्हणालो.

"तिला झटके आले तर ते काय ओटीपी विचारून येणार हायत?"

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून इंजेक्शन दिलं, वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती. सिस्टरांनी रस्त्यावर उभं राहून मासळीचा रिकामा टेम्पो थांबवला आणि सुनीताचं डोकं मांडीवर घेऊन पालघरला गेल्या. मी पडद्यासमोर बसून राहिलो. आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन लागला. मी नोंद पूर्ण केली, तसा पडद्यावर लाल इशारा झळकला : 'अतिजोखमीची माता, तातडीने पाठवा.' तेव्हा सुनीताला मुलगी होऊन चार तास झाले होते.

डिसेंबरात पालघरला वर्षाचा आढावा झाला. आरोग्यसेवेची डिजिटल वाटचाल असा फलक, गुच्छ, बिस्किटं. किती आरोग्यकार्डं काढली, किती ॲप आली, पुढच्या वर्षी बोलून नोंद करता येणार, अशी पानं पडद्यावर सरकत होती. नोंदी थकल्याबद्दल आमचं उपकेंद्र लाल रंगात होतं. शेजारचं जे उपकेंद्र हिरवंगार होतं, त्याला तीन महिने कुलूप होतं. तिथल्या नोंदी मीच चहा पीत भरल्या होत्या. मग यशोगाथा आली. सुनीताचा फोटो, खाली ओळ : 'ॲपच्या इशाऱ्यामुळे माता व बालक सुखरूप.' ती ओळ मला वरून सांगितली होती आणि मी निमूट टाइप केली होती.

टाळ्या थांबल्यावर सिस्टर उठल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, ही बाई आता कुठं हाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी लॅपटॉपकडे.

"वाड्याकडं वीटभट्टीवर गेलीय. बीपी अजून उतरलं नाय. गोळ्या परवा संपतील. कोण नेऊन देणार, तेवढं टाका पडद्यावर."

साहेब म्हणाले, "आपण जेवणानंतर चर्चा करू." सिस्टर जेवणाला थांबल्या नाहीत. गोळ्या पिशवीत घालून त्यांनी वाड्याची एसटी पकडली. चर्चा काही झाली नाही. आठवड्याभरात त्यांना नोटीस मात्र आली : बैठकीतून विनापरवानगी निघून गेल्याबद्दल. त्यांनी ती वाचली आणि मला म्हणाल्या, "ती बाई कुठं गेली ते दिसलं नाय, मी गेलेली बरी दिसली यांना."

गेल्या मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या. जागा अजून भरलेली नाही. बाया येतात, दार बंद बघून परत जातात. यंदाच्या आढाव्याची पानं मीच पालघरला बसून बनवतोय. त्यात आमचं उपकेंद्र पहिल्यांदाच हिरवं आहे, कारण रिकाम्या जागेच्या नावावर थकलेल्या नोंदी दिसत नाहीत.