संत्र्यांची मशीन आणि शांताबाई

आमच्या शेडवर संत्रे जास्त निघतात की किस्से, सांगणं कठीण! अमरावतीजवळच्या या शेडवर मी पंधरा वर्षांपासून कारकून आहे. पण संत्रे निवडायची मशीन आली, त्या हंगामात किस्स्यांचे ढीगच लागले.

मालकांनी नारळ फोडला. पुण्याहून आलेला इंजिनिअर सांगू लागला, "ही मशीन प्रत्येक संत्र्याचे दहा फोटो काढते."

हाताने संत्रे निवडणाऱ्या बारा जणींत शांताबाई सगळ्यात जुनी. ती म्हणाली, "दहा? पोरगी दाखवाले बी एकच फोटो लागते! लग्न लावता का संत्र्याचं?"

*

मग हजेरी कॅमेऱ्यावर आली. बायका उन्हामुळे तोंडाला रुमाल गुंडाळून येतात. कॅमेरा म्हणे, "ओळख पटली नाही!"

शांताबाईने रुमाल सोडला आणि कॅमेऱ्यासमोर तोंड नेलं. "पाह्य बापा, पाह्य! तीस वर्सांत नवऱ्यानं बी इतकं निरखून नाही पाह्यलं!"

*

शेतकऱ्यांचे फोनही कॉम्प्युटरच घेऊ लागला. हिवरखेडच्या एका शेतकऱ्याने विचारलं, "माह्या मालाची गाडी काहून नाही आली?"

आतून गोड आवाज, "क्षमस्व. कृपया मराठीत बोला."

"मंग मी काय चिनीत बोलून राहिलो?"

*

पुढचा किस्सा सांगताना मात्र हसू येत नाही. इंजिनिअरने शांताबाईला एसीत खुर्चीवर बसवलं. पडद्यावर संत्र्याचा फोटो आला की चांगला की खराब, तेवढं बटण दाबायचं. पंधरा दिवस बाई खुशीत होती. मग एका दुपारी तिने हात आवरला.

"साहेब, ही मशीन माह्यापाशी शिकून राह्यली ना? शिकवणी संपल्यावर मास्तरणीचं काय करता?"

इंजिनिअर नुसता हसला.

महिन्याभरात अकरा जणी घरी गेल्या. देखरेखीला एकटी शांताबाई राहिली. तेव्हापासून मीही माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे तिरक्या नजरेनेच पाहतो.

*

आणि मग दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "माल बाहेरून चकाचक, आतून सडका!"

मालक घाबरले. त्यांनी शांताबाईला बोलावलं. मशीनने पास केलेल्या क्रेटमधला एकेक संत्रा तिने हातात घेतला, देठापाशी अंगठा टेकवला, आणि सात बाजूला काढले. आम्ही कापून पाहिले. सातही सडके!

इंजिनिअरने लगेच मोबाइल काढला. "मावशी, पुन्हा करा. हळू. व्हिडिओ घेतो, मशीनला शिकवू."

शांताबाईने हातातला संत्रा खाली ठेवला. "आधी माह्या अकराही जणीयले बोलवा."

मालकांनी इंजिनिअरकडे पाहिलं, मग कापलेल्या संत्र्यांकडे. सोमवारी बाराही जणी कामावर हजर!

इंजिनिअर वही घेऊन शांताबाईसमोर बसला. "आता सांगा मावशी, आतला सडका संत्रा ओळखता कसा?"

शांताबाईने एक संत्रा तळहातावर फिरवला. ती शांतपणे म्हणाली,

"तेच तं मले बी समजत नाही, साहेब!"