कानबाईच्या पाण्याची रेघ

“वैशालीबेन, सही करी दो,” प्रकल्पप्रमुख देसाईसाहेबांनी फाइल सरकवली. सुरतेतल्या भेस्तानच्या खाडीकाठची सखल जमीन भर घालून सपाट करायची, वर ट्रकचं पार्किंग. पर्यावरण सल्लागार म्हणून माझी सही हवी होती. मी पेन उचललं नाही.

पाहुणे जास्त झाले की ओसरीवर झोपतात. तसं खाडीला न मावणारं पाणी सखल जमिनीवर पसरतं. ओसरी बुजवली तर ते मागच्या पॉवरलूम कामगारांच्या घरांत शिरणार.

“सर्व्हे में तो ‘सूखी जमीन’ लिखा है.”

लिहिणारी मीच. सर्व्हे मे महिन्यात उरकला होता. स्वतःचा एवढा राग मला क्वचितच आला असेल.

“सबूत लाओ, फिर बात.”

मी साइटवर गेले. तिथल्या कामगारवस्तीतल्या सुमनताई मूळच्या अमळनेरच्या. पाणी कुठवर येतं, विचारलं. त्यांनी मला घरामागच्या उतारावर नेलं. खाडी तिथून चांगलीच लांब.

“कानबाईले आम्ही आठेच बोळवतस. पाय वल्ला व्हयनात की थांबतस.”

खानदेशी घरांत श्रावणात कानबाई देवी बसते. दुसऱ्या दिवशी बायका तिला डोक्यावर घेऊन पाण्यावर पोचवतात. तापी लांब, म्हणून इथेच, श्रावणात चढलेल्या खाडीच्या पाण्याने पाय ओले होतात तिथे.

मी दहा-बारा बायकांना आपापल्या नेहमीच्या जागी उभं केलं, पायाशी खुंट्या ठोकल्या आणि लेव्हल घेतली, म्हणजे दुर्बिणीतून जमिनीची उंची मोजली. सगळ्या खुंट्या जवळजवळ एकाच उंचीवर होत्या. घरांचे उंबरे त्याहून वीतभरच वर.

“बहनों के पैर देखकर नक्शा बदलूँ?” साहेब हसले.

“श्रावणात या, साहेब. तोवर सही नाही.”

“किसी और से करवा लूँ तो?”

“करवा. माझ्या लेव्हल्स फाइलला जोडलेल्या आहेत.”

श्रावणात साहेब आले. वाजतगाजत कानबाई निघाली आणि बायका खुंट्यांपाशी थांबल्या. साहेब मात्र मला काहीतरी समजावत दोन पावलं पुढे गेले, नव्या बुटांसकट पाण्यात.

“साहेब, मांगे सरका,” सुमनताई म्हणाल्या.

पार्किंग उंचावरच्या जागेत गेलं. सखल जमीन तशीच राहिली, आता तिथे पाणकणीस माजलंय. त्याच पावसाळ्यात खाडी पुन्हा फुगली. पाणी सुमनताईंच्या उंबऱ्याला लागलं आणि ओसरलं.

पाण्याची जमीन उन्हाळ्यात मोजू नये, हे मी चूक करून शिकले. साहेब बूट भिजवून शिकले. आता कुठलीही फाइल आली की ते आधी विचारतात, “बेन, सर्व्हे कौन से महीने का है?”