बापाची सही

आमच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. पँट आखूड करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. या देशात येऊन अकरा वर्षं झाली, पण इथली भाषा तिच्या जिभेवर बसली नाही. गिऱ्हाइकाशी ती तोंडात टाचण्या धरूनच बोलते, म्हणजे चुकलं तर टाचण्यांवर ढकलता येतं.

दोन वर्षांपूर्वी नवरा घर सोडून गेला. आम्हाला मात्र ती सांगायची, "त्यांची ड्युटी लांब आहे, सुट्टीला येतात." त्याचे जुने शर्ट धुऊन बाल्कनीत वाळत घालायची. आपल्या माणसांची इथे चार घरं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्हीही माना डोलवायचो.

मुलगी गणितात पक्की. तिच्या बाईंनी विज्ञानाच्या मोठ्या शाळेसाठी तिचं नाव सुचवलं. फॉर्मवर आईबाप दोघांच्या सह्या हव्या होत्या. वेगळे राहत असतील तर तसं लिहायचं, मग एक सही पुरे. मुलीने वाचून दाखवलं, विनवलं. आई म्हणाली, "असलं काही कागदावर चढवायचं नाही. ते करतील सही."

नवरा फोन उचलत नव्हता, म्हणून फॉर्म पोस्टाने पाठवला. त्याने खोली बदलली होती, हे हिच्या गावीही नव्हतं. मुदत उलटून आठ दिवस झाल्यावर पाकीट न उघडता परत आलं. जागा भरली होती. आता मुलगी घराजवळच्या शाळेत जाते आणि पुस्तक उघडत नाही. आईवर मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही.

परवा मुलगी डबा द्यायला आली. आई आत गिऱ्हाइकाचं माप घेत होती.

"मावशी, बाबा गेलेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो गं. पहिल्या महिन्यापासून."

"मग आईला बोलला का नाहीत?"

"तिला वाईट वाटलं असतं."

"तुम्हाला कळू नये म्हणून तर तिने लिहिलं नाही." तिने डबा माझ्या मशीनवर ठेवला. "आणि बाबा कुठे राहतात तेही माहीत होतं?"

मी सुईत दोरा ओवत राहिले, तो काही ओवला जाईना. तिचा बाप वर्षभरापासून माझ्या नवऱ्याबरोबर एकाच गोदामात कामाला आहे. आणि दर सोमवारी मीच तिच्या आईला विचारायचे, "काय, आले होते का सुट्टीला?"