सात सामन्यांचं तिकीट

ती केस आठवली की आजही आधी हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास आठवतो, कारण तिचा उलगडा पोलीस ठाण्यात नाही, एका स्वयंपाकघरात झाला.

मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळच्या एका गावात डिटेक्टिव्ह होतो. आईवडिलांबरोबर लहानपणी सोलापूरहून आलो आणि इथेच खात्यात भरती झालो. मराठी येणारा ठाण्यात मी एकटाच, त्यामुळे आडनावाच्या शेवटी 'कर' दिसलं की फाइल आपोआप माझ्या टेबलावर यायची.

एका सोमवारी निनावी खबर आली. अमुक अपार्टमेंटमधला एक विद्यार्थी इतर मुलांकडून पैसे घेऊन फुटबॉलवर बेटिंग चालवतो, असं त्यात होतं. सोबत पुरावा म्हणून एका तिकिटाचा फोटो. इंग्लंडमधले सात सामने, सातही निकाल एकात बांधलेले. याला इथे पार्ले म्हणतात. सगळे निकाल बरोबर आले तर घसघशीत रक्कम, एक चुकला की सगळं पाण्यात.

आमच्या राज्यात एकवीस पूर्ण झालेल्या माणसानं स्वतःच्या फोनवरून असं तिकीट लावणं कायदेशीर आहे. दुसऱ्यांच्या बेट्स घेणं मात्र गुन्हा. या मुलाला तिघंजण नियमित पैसे पाठवत होते. आमच्या लेफ्टनंटच्या मते तो सरळसरळ बुकी होता, आणि कागद सरकारी वकिलाकडे पाठवायची त्याला घाई होती. तसं झालं असतं तर व्हिसा गेला असता आणि पोरगं अर्धवट डिग्री घेऊन घरी परतलं असतं.

कोणाचंही नाव लिहिणार नाही. मुलगा नागपूरचा, म्हणून त्याला नागपूरकर म्हणू.

तो चौकशीला आला. नियमाप्रमाणे त्याचे हक्क इंग्रजीत वाचून दाखवले. मग मराठीत म्हणालो, "आधी पाणी पी." त्यानं दचकून पाहिलं, आणि पुढच्या वाक्यात 'सर'चे 'काका' झाले.

पैशांचं विचारल्यावर तो म्हणाला, "काका, ती कॉन्ट्री आहे." मला हसू आवरेना. तांदळाची गोणी, वायफाय, भाड्याची गाडी, चार रूममेट्सचं सगळं वर्गणीवर. त्याच सवयीनं बेटिंगचं अकाउंटही एकाच्या नावावर आणि पैसे चौघांचे. अकाउंट म्हणजे वायफाय नव्हे, हे चार इंजिनिअरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ही चूक आपलीच मुलं करू शकतात.

पण अशी एखादी गोष्ट प्रत्येक बुकीकडे तयार असते. मी तिकिटाचा फोटो पुढे सरकवला. अपराधी माणूस अशा वेळी आधी माझा चेहरा वाचतो, हा माझा अनुभव. यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हे कोणी बनवलं? सात मॅचेस? आणि यात माझी टीम पण आहे?"

सुनेनं बिघडवलेली पुरणपोळी पाहून सासू बोलते, तसा सूर होता तो. मग त्यानं आपली पद्धत सांगितली. एका तिकिटात तीनच सामने. खेळणारे अकरा जण जाहीर झाल्याशिवाय काही लावायचं नाही. रक्कम ठरलेली, हरलो म्हणून वाढवायची नाही. मनासारखे सामने नसतील तर तो शनिवार सोडून द्यायचा. आणि आपल्या आवडत्या टीमला हात लावायचा नाही. "तिथे आपलं डोकं चालत नाही, काका." एवढं करूनही कधीकधी हरतोच, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

इंग्लंडमधले सामने आमच्याकडे सकाळीच सुरू होतात. ते तिकीट लागलं त्या शनिवारी यानं अकाउंट उघडलं, यादी पाहिली, "आज काही नाही" म्हणाला आणि फोन ओट्यावर ठेवून अंघोळीला गेला. पुढच्या शनिवारपर्यंत अकाउंट उघडायचं नाही, हाही नियम. फोनचा पासकोड चौघांनाही पाठ होता.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या अपार्टमेंटवर गेलो. नागपूरकर आमटीला फोडणी देत होता. मी बाकी तिघांना म्हणालो, येत्या शनिवारसाठी तीन सामने निवडा. एकानं हात वर केले, त्याला यातलं कळत नव्हतं. दुसऱ्यानं तीन सांगितले. तिसरा पुण्याचा. (पुणेकरांनी राग मानू नये.) त्यानं तीन सांगितले आणि पुढे म्हणाला, "हे पण टाकू ना काका, श्योर आहे." मी मान डोलावली. मग अजून एक श्योर, अजून एक. सहाव्याला नागपूरकरानं शेगडी बंद केली. पुणेकर थांबला आणि त्याचा चेहरा पडला.

पुढे फार विचारावं लागलं नाही. एवढा चांगला शनिवार वाया जातो म्हणून पुणेकरानंच ते तिकीट लावलं होतं. चौघांचे पैसे बुडाले. पुढच्या शनिवारी अकाउंट उघडलं की मित्रांना कळेल या भीतीनं, त्याआधीच ते बंद पडावं म्हणून खबरही यानंच दिली. पुराव्यासाठी त्याच्याकडे स्वतःच लावलेलं तेवढं एक तिकीट होतं.

"मला वाटलं पोलीस फक्त अकाउंट बंद करतील यार," तो नागपूरकराला म्हणाला आणि रडू लागला.

खोटी खबर देणं हा गुन्हा आहे. आता व्हिसा पुणेकराचा धोक्यात होता. मी नागपूरकराला विचारलं, तुझी तक्रार आहे का? त्यानं आमटीवर झाकण ठेवलं.

"काका, तो माझा मित्र आहे. ही माझी टीम झाली. यावर मी डिसिजन घेणार नाही, तुम्ही घ्या."

गाडीत बसल्यावर मला त्या वाक्याचा खरा अर्थ लागला. त्या घरातली चारही मुलं माझी टीम होती. फोडणीचा वास आला तेव्हाच मी त्यांच्या बाजूचा झालो होतो. दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं लिहून फाइल लेफ्टनंटपुढे ठेवली आणि म्हणालो, मी यात शिफारस करणार नाही, तूच ठरव. त्यानं ती दोनदा वाचली, कॉन्ट्री म्हणजे काय ते विचारून घेतलं, आणि दोघांनाही कडक समज देऊन सोडलं. अकाउंट कायमचं बंद झालं. चौघं पुढेही एकत्रच राहिले. पासकोड मात्र बदलले.

माणसं ओळखण्यात मी पक्का होतो आणि आजही आहे. पण आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे आधी ओळखायचं, ते मला त्या पोरानं शिकवलं. नंतरही 'कर' आडनावाच्या फाइली माझ्याकडे येत राहिल्या. बहुतेक मीच निकालात काढल्या. जिथे डोकं चालणार नाही असं वाटलं, तिथे हात न लावता परत पाठवल्या.