झाकणाची खाच

माघातल्या एका मंगळवारी सकाळी हे गाळ्यात गेले. दुपारी दिराचा फोन आला. मी रिक्षा करून सिव्हिलला पोचले तेव्हा हे गेलेले होते.

गाळा म्हणजे औद्योगिक वसाहतीतलं आमचं गॅस्केट कापायचं वर्कशॉप. गॅस्केट काय असतं ते मला लग्नानंतर कळलं. दोन लोखंडी भाग बोल्टांनी कितीही आवळले तरी त्यांच्यात फट राहतेच, आणि त्या फटीतून वाफ, पाणी, तेल, आत जे असेल ते बाहेर येतं. ते येऊ नये म्हणून मध्ये रबराची, बुचाची नाहीतर दाबलेल्या धाग्यांच्या शीटची चकती घालतात. घरातल्या कुकरच्या झाकणात असते तीच, फक्त मोठी. कोणी धंदा विचारला की हे "कुकरच्या रिंगा" एवढंच म्हणायचे आणि विषय संपवायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. गाळ्यात जायची ती दसऱ्याच्या पूजेपुरती.

दिवसकार्य उरकल्यावर दीर मांडवीला आमच्या घरी आला. ह्यांच्यापेक्षा धाकटा, गाळ्यात कापण्याचं सगळं काम त्याचं. ओटीवर बसून बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

"वैनी, स्पष्ट बोलू?"

"बोला, भावोजी."

"कॅनिंगवाल्यांचं काम राहिलं तर मी थांबतो. नुसत्या बोटींच्या इंजिनांवर नि बर्फाच्या कारखान्यावर गाळा चालायचा नाय. पोरगा डोंबिवलीला बोलावतोय कधीपासून. कॅनिंग गेलं, तर देऊन टाकू गाळा कोणाला तरी."

कॅनिंग म्हणजे आंब्याच्या रसाचे डबे भरणारा कारखाना. भरलेले डबे ते वाफेच्या टाक्यांत शिजवतात, आणि त्या टाक्यांच्या झाकणांतल्या पांढऱ्या रबरी रिंगा हंगामाच्या तोंडावर आमच्याकडून जातात. मी म्हटलं, ते काम जाणार नाही. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे. मला गाळा जायला नको होता. घरात ह्यांचं म्हणावं असं फार काही नव्हतं. चार शर्ट, चष्मा, रेडिओ. पुस्तकं सगळी माझी. हे जे काही होते ते गाळ्यात होते, आणि तो दुसऱ्याला दिल्यावर मी कुठे जाऊन बसणार होते?

पहिली अडचण पांढऱ्या शीटची निघाली. ती शीट हे मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून फोनवर मागवत. मी त्या नंबरावर फोन केला. त्याच्या मुलाने उचलला.

"पप्पा रिटायर झाले, आंटी. आम्ही आता जिमच्या मॅट करतो. मॅट पाहिजेत का?"

मग मी पुरवठादार शोधायला लागले, आणि शहाण्या माणसाने दुखवट्यात करू नये असं ते काम आहे हे मला कळलं. भेटायला येणारी माणसं आधी डोळे पुसत, चहा घेत, आणि उठता उठता एखादा भाचा, मेहुणा नाहीतर शेजाऱ्याचा जावई रबराच्या लाइनीत असल्याचं सांगत. "तुम्ही फक्त माझं नाव सांगा." मी नावं सांगितली. एकाही भाच्याला आपला मामा आठवला नाही.

कंपन्यांचे फोन यायला लागले. एक मुलगी दर सोमवारी करायची.

"साहेबांशी बोलायचं होतं."

"साहेब वारले."

"ओके मॅडम. मग कोटेशन त्यांना मेलवर पाठवून ठेवू का?"

पुढच्या सोमवारी पुन्हा साहेबांशी बोलायचं असायचं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, पाठवा. आलंही ते, ह्यांच्या नावाने, "आदरणीय" लावून.

कॅटलॉग मी पुस्तकासारखे वाचले, पहिल्या पानापासून. नाइलाज होता, दुसरं वाचन डोक्यात शिरत नव्हतं. पण असली भाषा मी आयुष्यात वाचलेली नाही. प्रत्येकाची शीट "सर्व प्रकारच्या वापरासाठी उपयुक्त" होती. वाफेला चालते का, असं विचारलं की "चालते ना". आंब्याच्या रसाला? "चालते ना". डिझेलला? "मॅडम, कशालाही चालते." जे कशालाही चालतं ते कशासाठी बनवलं होतं, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. एकाने नमुना म्हणून रबराचं किचेन पाठवलं, त्यावर त्यांचा लोगो. दुसऱ्याने व्हिजिटिंग कार्डाला चिकटवलेला तुकडा पाठवला, तो सोलताना निम्मा कार्डावरच राहिला. तिसरा रोज सकाळी सूर्यफुलांच्या चित्रावर सुविचार पाठवायचा. नमुना पाठवा म्हटलं की अंगठा पाठवायचा.

खरेखुरे नमुने शेवटी सहा आले. ते पारखायची एकच रीत मला माहीत होती, कारण त्या रीतीवरून आमची भांडणं झालेली होती. हे नव्या शीटचा तुकडा घरी आणायचे आणि कुकरात पाण्याबरोबर शिजवायचे. माझ्या वरणभाताच्या कुकरात. संध्याकाळभर स्वयंपाकघरात टायरच्या दुकानासारखा वास. मी म्हणायची, गाळ्यात शेगडी घ्या. हे म्हणायचे, "डब्यातला रस लोक खाणार आहेत. ज्याचा वास तुला सहन होत नाही, ते मी तिकडे देणार नाही."

आता कुकर लावणारी मी आणि वास घेणारीही मीच. पहिला तुकडा पिवळा पडला. दुसरा बोटाला चिकटला. तिसऱ्याने पाणी दुधासारखं केलं. चौथ्याचा वास असा होता की शेजारीण खिडकीशी येऊन विचारून गेली, वायर जळतेय का. पाचवा टिकला, पण त्या कंपनीचा माणूस म्हणाला की पन्नास शीटांखाली माल देत नाही. आम्हाला हव्या होत्या दोन. सहावा कोल्हापूरचा. शिजून आला तसाच बाहेर निघाला, पांढरा, बिनवासाचा, दाबला की परत वर येणारा. मी कोल्हापूरला फोन करून सांगितलं.

"कुकरात घातलासा?" पलीकडचा गृहस्थ हसायला लागला. "वहिनी, टेस्ट रिपोर्ट पाठवलाय की तुमास्नी. बघितला न्हाई व्हय?"

"वाचला. सहाही जणांचा रिपोर्ट सारखाच आहे."

"त्ये बी खरंच हाय म्हना." मग त्याने विचारलं, "जाडी किती पायजे?"

जाडीसाठी दिराने कॅनिंगच्या फोरमनला फोन लावला. फोरमनने जुनी रिंग साखरेच्या पोत्यात घालून टेम्पोबरोबर पाठवून दिली. आमच्या रत्नागिरीत ही पद्धतच आहे. बोटीचा तांडेल असो की कारखानदार, माप कोणी सांगत नाही. जुनं काढलेलं गॅस्केट आणायचं, टेबलावर टाकायचं आणि म्हणायचं, असंच द्या. तेलकट, फाटकं, कधी नुसतं अर्धं. दिराने रिंग धुतली आणि व्हर्नियर कॅलिपरने तिची जाडी मोजली. सहा मिलिमीटर. सहाची शीट आली. मी त्या शीटचाही तुकडा कापून शिजवला, कारण नमुना एक आणि माल दुसरा असं होतं हे ह्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. तुकडा चांगला निघाला. दिराने रिंगा कापल्या. इतका सुबक काठ होता की मी एक हातात घेऊन बघत बसले. त्या दुपारी मला पहिल्यांदा नीट भूक लागली.

रिंगा बसवल्या आणि पहिल्याच चाचणीला झाकणांतून वाफ सुटली.

मॅनेजरचा फोन मला आला, दिराला नाही. "मॅडम, तुमच्या परिस्थितीची कल्पना आहे आम्हाला. पण पुढच्या आठवड्यात आंबा सुरू होतोय. मुंबईची कंपनी रेडीमेड रिंगा द्यायला तयार आहे. शनिवारपर्यंत बघा, नाहीतर त्यांना सांगतो."

दीर म्हणाला, "माल खराब. मी सांगत होतो, कोल्हापूरवाल्याचं नवीन हाय." त्याने असं कधीही सांगितलेलं नव्हतं. मी कोल्हापूरला फोन लावला आणि माझ्या स्वभावाला न शोभणारं पुष्कळ बोलले. महिनाभरातल्या सगळ्या कंपन्यांवरचा राग त्या एका माणसाच्या कानात ओतला. त्याने ऐकून घेतलं.

"झालं बोलून? आता सांगा, खाच किती खोल हाय?"

"कसली खाच?"

"झाकणाला खाच असती की, रिंग बसायला. तिची खोली. तिच्यावरनं जाडी ठरती. तुमी सहा कशावरनं काढलं?"

"जुन्या रिंगेवरून."

तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, ती हंगामभर झाकणाखाली दबून बसलेली. ती आता सहा हाय. नवी हुती तवा किती हुती?"

आम्ही दोघं तसेच स्कूटरवरून कारखान्यात गेलो. फोरमनने झाकण वर करून दिलं. दिराने खाचेत व्हर्नियरचं टोक उतरवलं, वाचलं, पुसून पुन्हा उतरवलं. आठाची शीट हवी होती.

फोरमन मान हलवत म्हणाला, "साहेब पण असंच करायचे बघा. दरवर्षी यायचे, झाकण उघडायला लावायचे, आत बोट फिरवायचे, मग बाहेर बसून चहा. आम्ही म्हणायचो, जुनी रिंग पाठवतो, कशाला उन्हातनं येताय? तर म्हणायचे, जुनी ठेव तुझ्याकडे, मी येतो. आम्हाला वाटायचं, घरात चहा मिळत नसेल."

"घरात मिळायचा," मी म्हटलं.

"तसं नाही हो वहिनी, मजेनं म्हणायचो."

दीर व्हर्नियर खिशात घालत होता. "मला पण हेच सांगायचा दादा. तू काप, मी जाऊन येतो. मला वाटायचं गप्पा मारायला जातो."

परत येताना स्कूटरवर मागे बसून मी ह्यांच्यावर मनातल्या मनात इतकी चिडले की रस्ता कधी संपला ते कळलं नाही. रोज शेजारी बसून काम करणाऱ्या भावाला एक वाक्य सांगता येऊ नये? घरी मला सांगायचं. मी ऐकलं नसतं हे खरं, पुस्तकातून मान वर न करता हं म्हटलं असतं. पण कानात तर राहिलं असतं. रबराच्या वासावर हे तासभर बोलत. खाचेबद्दल कधी अवाक्षर नाही. बहुतेक ह्यांना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नसेल. माणसं जे रोज करतात ते सांगत नाहीत, आणि मागच्यांना वाटतं ती चहाला जात होती. ह्या रागात ह्यांची आठवण दुसऱ्या कुठल्याही वेळेपेक्षा जवळ होती, आणि त्याचाही मला राग आला.

कोल्हापूरच्या गृहस्थांकडे आठाची शीट तयार नव्हती. माझ्या शिव्या खाऊन झाल्यावर त्यांनी मला सरळ फोन ठेवायला सांगायला हरकत नव्हती. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी काढून ठेवलेल्या शीटा गुंडाळून एसटीच्या पार्सलात टाकल्या. मी म्हटलं, मघाशी फार बोलले मी. ते म्हणाले, "बोलनारच की. तिकडं कापायला लागा."

पार्सल शुक्रवारी स्टँडवर आलं. नेमका हमाल जेवायला गेला होता आणि पावतीवर सही करणारा चहाला. मी पार्सलच्या खिडकीशी उभी राहिले आणि रत्नागिरीतल्या तमाम चहाचा उद्धार केला. संध्याकाळपर्यंत दिराने रिंगा कापल्या. शनिवारी सकाळी बसवल्या. वाफ सोडली तेव्हा मॅनेजर, फोरमन, दीर आणि मी, चौघंही झाकणांच्या काठाकडे टक लावून होतो. काठ कोरडे राहिले. मॅनेजरने फोन काढला, बाजूला जाऊन मुंबईच्या कंपनीला सांगितलं की तूर्त गरज नाही. तूर्त हा शब्द मी ऐकला.

हंगाम निघून गेला. पुढच्या वर्षी निम्म्या टाक्यांच्या रिंगा मुंबईहून येणार आहेत. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नाही असं वरून ठरलंय. त्यावर मी भांडले, उपयोग झाला नाही. दीर डोंबिवलीला चार दिवस राहून आला आणि तिथल्या पाण्याला नावं ठेवत पुन्हा कामाला लागला. मला गाळ्यात अजून पंच आणि डाय या कापायच्या साधनांतला फरक विचारावा लागतो.

निम्मं कॅनिंग, बर्फाचा कारखाना आणि बोटी एवढं काम आता आमच्याकडे आहे. कापायला दीर आहे. माप घ्यायला मी जाते.