निळी किनार

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी प्रकल्पासाठी विषय घेतला, भाताचा दाणा भरताना त्यात लोह कुठे साठतं? लग्न होऊन सापगावला आले होते. दिवाळीआधी सासरच्याच शेतातल्या दुधात आलेल्या, म्हणजे दाण्यात अजून पांढरा चीक असलेल्या कोवळ्या लोंब्या तोडायला लागले, तेव्हा सासूबाई बांधावरूनच ओरडल्या, "अगो, दाना भरतोय आणि तू तोडतेस?"

"भरतोय म्हणूनच तोडते," मी म्हटलं आणि तोडल्या.

कॉलेजात दाण्यांचे पातळ काप काढून त्यावर रसायन घालायचे. लोह असेल तेवढा भाग निळा होतो. कोवळ्या दाण्यात रस आत येतो त्या शिरेपाशी फिकट निळं दिसे. दाणा पिकत गेला तशी कडेने निळी किनार उमटली, अंकुराशी गडद ठिपका आला आणि मधला सगळा भाग कोरा पांढरा राहिला. आम्ही जेवतो तो तेवढाच. किनार आणि अंकुर गिरणीत कोंड्याबरोबर जातात, आणि कोंडा कोंबड्यांना.

त्या वर्षी धसईच्या माहेराहून लाल भाताचं पोतं आणलं आणि गिरणीवाल्याला सांगितलं, नुसतं तूस काढा, पॉलिश नको. त्याने मला उत्तर न देता माझ्या नवऱ्याला फोन लावला. "वयनी बोलतायत ते खरं काय?"

मी म्हटलं, "भात मी आणलंय. मला विचारा."

घरी सासूबाईंनी तांदळात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. "आमी उखळात कांडून कांडून हाताला घट्टे पाडले. पांढरा भात फक्त सणाला. आता रोज मिलतो, तर तू परत लाल घेऊन आलीस?"

मी त्यांना मोबाइलवर कापाचा फोटो दाखवला. त्यांनी नीट पाहिला. "निळं हाय खरं. पण मी नाय खाणार."

"नका खाऊ. मी खाणार."

नणंदेच्या मुलीच्या बारशाला मी दोन पातेली चढवली, एक पांढऱ्या भाताचं, एक लाल. नणंदेच्या सासूने लाल भात बघून सगळ्यांसमोर विचारलं, "तांदूल संपले काय गो घरात?"

"संपले नाय," मी म्हटलं, "सोलले नाय."

पंगतीत कुणी हसलं, कुणी भात ताटात तसाच ठेवला. मी मात्र तोच दोनदा वाढून घेतला.

प्रकल्प तपासताना सरांनी मला टोकलं. हे लोह फायटेट नावाच्या क्षारात जखडलेलं असतं, शरीराला त्यातलं थोडंच मिळतं. खरं आहे ते, आणि मी प्रकल्पात तसंच लिहिलं. नवरा तेव्हापासून चिडवतो, "मग एवढं भांडलीस कशाला?" थोडं म्हणजे काहीच नाही, असं मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही. आणि जखडलेलंच असायचं तर ते माझ्या ताटात असू दे, कोंबड्यांच्या पोत्यात कशाला?

आजही आमच्याकडे दोन पातेली चढतात. सासूबाई माझ्या भाताकडे बघत नाहीत, मी त्यांना आग्रह करत नाही. यंदा ओढ्याकडच्या तुकड्यात मी लाल भात लावलंय. "तिथं नको," असं त्या म्हणाल्या होत्या. लोंब्या आता वाकायला लागल्यात.